दाखल्यावरची नोंद

शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला अकोल्यातलं पोलिसांचं ते टेबल आठवतं. मस्कतच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली होती, फक्त चारित्र्याचा दाखला बाकी होता. कॉलेजात असताना एसटी थांबत नाही म्हणून आम्ही तेल्हाऱ्याजवळ रस्ता अडवला होता आणि आमच्यावर गुन्हा दाखल झाला होता. "तारखा करत बसण्यापेक्षा गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा," असं वकील म्हणाले आणि बाबांनी मला तसंच करायला लावलं. त्यानं कायमची नोंद होते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हवालदारानं कागद वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काहून मास्तर, आता अरबाच्या गाड्या अडवाले चालले का?" सगळे हसले. धुतलेला सदरा घालून सोबत आलेले बाबा हात जोडून म्हणाले, "सायेब, कबूल कराले मीच लावलं त्याले." "मंग आता तुमीच घेऊन बसा त्याले घरी," हवालदार म्हणाला आणि दाखल्यावर गुन्ह्याची नोंद करून शिक्का मारला. बाहेर येताच मी भर रस्त्यात बाबांवर ओरडलो, "तुमाले कोनं तोंड घालाले सांगतलं होतं? तुमच्याच अडाणीपणानं झालं हे!" पुढे शाळेनं ती नोंद वाचूनही मला घेतलं. आता दर शुक्रवारी बाबा फोनवर विचारतात, "पोट्टे ऐकतेत ना तुयं?" मी हो म्हणतो. त्या दिवसाची माफी अजून मागितलेली नाही.