रापणीच्या व्हिडिओतला कापलेला भाग

माझी आई शाळेच्या भिंतीवर दिसत होती. प्रोजेक्टरच्या उजेडात, भिंतीएवढी मोठी. किनाऱ्यावर वाकून ती वाळूतले पेडवे, बोटभर लांबीचे मासे, उचलत होती आणि साडीच्या ओच्यात टाकत होती. खाली पिवळी अक्षरं, ‘मासेचोर बाई कॅमेऱ्यात कैद’. व्हिडिओला हसण्याचा आवाज जोडलेला होता. तो आवाज संपला की आमचा वर्ग हसायचा.

मी नववीत होते. मुलींच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर.

त्या दिवशी आम्हाला इंटरनेटचा जबाबदार वापर शिकवायला पाहुणे आले होते. पाहुणे म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. किनाऱ्यावर त्याच्या पर्यटकांसाठी खोल्या आहेत. त्यांची जाहिरात व्हावी म्हणून तो गावाचे व्हिडिओ काढून आपल्या पेजवर टाकतो. गावात सगळे त्याला दादा म्हणतात. मीही म्हणायचे. इथे म्हणणार नाही.

तो सांगत होता की मोबाईल नुसता करमणुकीसाठी नसतो. गैरप्रकार दिसला तर टिपावा, लोकांसमोर आणावा, हीच जागरूक नागरिकाची जबाबदारी. आणि उदाहरण म्हणून त्याने माझी आई लावली.

मग त्याने विचारलं, “ओळखतं का कोणी हिला?”

मागून एक मुलगा म्हणाला, “दादा, हिची आवस ती.” बोट माझ्याकडे.

सगळा वर्ग वळला. मुख्याध्यापक दारात उभे होते, तेही बघायला लागले. पुतण्या हसत माझ्या बाकापाशी आला.

“काय गो, खरा काय ता? तुजी आवस?”

मी उभी राहिले. “नाय,” म्हटलं.

एवढंच. नाय. खाली बसले. पुढचा व्हिडिओ लागला तेव्हा सगळ्यांबरोबर हसलेसुद्धा.

हे आधी लिहिते आहे. पुढचं वाचताना मी कोणी शूर मुलगी आहे असं कुणाला वाटू नये.

आता त्या माशांचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूवर उभी राहून ओढतात. दोन-दोन तास. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, ही आमच्याकडची रीत. मिठबावपासून कुणकेश्वरपर्यंत कुठल्याही वाळूवर विचारा. आई आंब्याच्या दिवसांत कलमांच्या बागेत कामाला जायची, आणि रापण लागली की दोराला. ओढून झालं की तिचा वाटा वाळूवर टाकायचे. ती वेचून घ्यायची. मी लहानपणापासून तसंच बघत आले होते. त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

व्हिडिओ फिरला आणि आठवडाभरात रापणीवरच्या एका माणसाने आईला सांगितलं, “आता दोराक हात लावू नको. पर्यटक बघतत. गावाचा नाव जाता.” त्याच माणसाने त्या दिवशी तिचा वाटा टाकला होता. ती चोर नाही हे त्याला माहीत होतं. मुख्याध्यापक याच गावचे, त्यांना माहीत होतं. पुतण्याला माहीत होतं. हसणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांचे बाप रापणीवरचे, त्यांनाही माहीत होतं. त्या वर्गात न कळून हसणारा एकही माणूस नव्हता.

मी काय म्हटलं ते आईपर्यंत पोचलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “बरा केलंस. नायतर तुकाव हसले असते.”

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

आता मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर कामाला. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. अजूनही चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझं वाक्य मध्येच तुटतं. तरी यंदा कॉलेजने प्रकल्प दिला, नववीच्या मुलांना इंटरनेटवर माहिती कशी शोधावी, कशी तपासावी आणि तिथे कसं वागावं हे शिकवायचं. चार दिवस, रोज एक तास. शेवटी मुख्याध्यापकांची सही आणायची. सही नाही तर प्रकल्पाचे गुण नाहीत, गुण नाहीत तर वर्ष अडकतं. शाळा वाटल्या तेव्हा मला माझीच आली. बदलून मागायचं धाडस झालं नाही.

पहिले तीन दिवस बरे गेले. अर्ध्या मुलांचा पासवर्ड त्यांच्या होडीचं नाव होता. होडीवर ते हातभर अक्षरांत रंगवलेलं असतं, हे सांगितल्यावर मुलं स्वतःवरच हसली. कुठल्याही फोटोला तीन प्रश्न विचारायचे, असं मी फळ्यावर लिहिलं. कोणी टाकला? कधी टाकला? त्याच्या आधी आणि नंतर काय होतं? उत्तर मिळालं की पत्ता आणि तारीख वहीत उतरवायची, आणि आधी एक प्रत जपून ठेवायची, कारण माणसं पुसून टाकतात. गावात फिरत असलेला बिबट्याचा फोटो मुलांनी पंधरा मिनिटांत पकडला. तो आपल्याकडचा नव्हताच.

चौथ्या दिवशी प्रत्येक गटाने गावात फिरणारा एक मेसेज तपासायला आणायचा होता. समारोप म्हणून मुख्याध्यापक आले. सोबत पुतण्या. आता तो संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. दोघे मागच्या बाकावर बसले.

दुसऱ्या गटाने आई आणली.

त्या मुलांना माहीत नव्हतं. रापणीचे दिवस आले की तो व्हिडिओ दरवर्षी पुन्हा फिरतो, त्यांच्या मोबाईलवर आला, त्यांनी आणला. तेच पेडवे, तीच पिवळी अक्षरं, तोच हसण्याचा आवाज. वर्ग हसला. मागून पुतण्याही हसला, त्याला मजा वाटली असावी.

मी म्हणाले, “पुढचा गट.”

म्हणजे पुन्हा तेच. पाच वर्षांनी, कॉलेजात जाऊन, हातात खडू घेऊन, मी पुन्हा तेच म्हटलं होतं. फक्त शब्द बदलले होते.

पुढचा गट उभा राहिला. मी त्यांना बसायला सांगितलं.

“मागचा व्हिडिओ परत लावा. ही माझी आई आहे. तपासा.”

हसणं थांबलं. गटातला मुलगा “सॉरी ताईनू” म्हणून मोबाईल खिशात घालायला लागला. मी म्हटलं, सॉरी नको, तीन प्रश्न विचार.

कोणी टाकला, ते दोन मिनिटांत सापडलं. मुलांनी पेजचं नाव वाचलं आणि माना हळूच मागे वळल्या. कधी टाकला, तेही सापडलं. आधी आणि नंतर काय होतं, यावर सगळे अडले. तेव्हा पहिल्या बाकावरची एक बारीकशी मुलगी त्याच पेजवर खाली खाली जात राहिली. त्याच तारखेला आणखी एक व्हिडिओ होता, पर्यटकांसाठी, ‘या, रापणीचा अनुभव घ्या’. मी आईला कधी त्यात शोधलंच नव्हतं. त्या पेजकडे बघायचीच माझी हिंमत नव्हती. ती मुलगी म्हणाली, “ताईनू, हेच्यात तीच साडी आसा.”

प्रोजेक्टरवर लावला. पुरुषांच्या मागे, दोराच्या शेवटाला, टाचा वाळूत रोवून आई ओढत होती. बराच वेळ. जाळं वर आलं, टोपल्या भरल्या, वाटे झाले. एक एक जण आपली पिशवी पुढे करत होता. शेवटी एका हाताने मूठ-दोन मुठी पेडवे आईच्या पायांसमोर वाळूवर टाकले. ती वाकली. चोरीचा व्हिडिओ नेमका तिथून सुरू होत होता. एकाच चित्रणाचे दोन तुकडे केले होते. एक पाहुण्यांसाठी, एक आमच्यासाठी.

मी मागे पाहिलं. पुतण्या बाकावरच रेलून म्हणाला, “एडिटिंग असता गो ता. लोकांका असलाच आवडता. गमतीचा वायट वाटून घेव नको.”

माझं काम तिथे झालं होतं. आई चोर नाही, हे तीस मुलांनी स्वतः शोधून काढलं होतं. मला एवढंच हवं होतं. मी फळा पुसायला वळले.

पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात वर होता. तिला व्हिडिओच्या खरेपणाशी आता घेणं नव्हतं. तिने विचारलं, “मासे खाली कित्याक टाकतत? हातात कित्याक देनत नाय?”

मला वाटलं, कुणीतरी उत्तर देईल. मुख्याध्यापक देतील. मग लक्षात आलं, शिकवणारी मी आहे.

“कारण आम्ही बौद्धवाडीतल्या,” मी म्हणाले. “आमच्या हाताला हात लागू नये म्हणून.”

वाक्य तुटलं नाही.

मुख्याध्यापक उठून उभे राहिले. “शाळेत जात आणायची नाही.”

“मी आणली नाही सर. व्हिडिओत आहे.”

तास संपला. म्हणजे त्यांनी संपवला. मला ऑफिसात बोलावलं, बसायला सांगितलं नाही. पुतण्या शेजारच्या खुर्चीत मोबाईल बघत होता. मुख्याध्यापक शांतपणे बोलले, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. व्हिडिओचं काय ते सोडून देऊ म्हणाले, पोरंटोरं विसरतील. पण वर्गात जातीचा जो शब्द उच्चारला तो अनवधानाने, चुकून, भावनेच्या भरात उच्चारला गेला, असं दोन ओळी लिहून द्यायचं. मग सही. कोरा कागद समोर ठेवला, स्वतःचं पेन दिलं.

मी ‘मा. मुख्याध्यापक यांस’ एवढं लिहिलं. सवयीने, सुवाच्य अक्षरात.

तेवढ्यात पुतण्याने मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “घ्या. काढून टाकला.”

मी माझ्या मोबाईलवर पाहिलं. त्याने पुसला होता तो मोठा व्हिडिओ. रापणीचा अनुभव. चोरीचा तिथेच होता.

मी पेनाला टोपण लावलं आणि मुख्याध्यापकांसमोर ठेवलं. “सर, मी चुकून बोलले नाही. हे लिहिणार नाही.”

पुतण्या म्हणाला, “आवशीसारखीच आसस तू. उचलून घेवक शिकलंस, दिलेला घेवक शिकलंस नाय.”

हे वाक्य मी बाहेर व्हरांड्यात येऊन वहीत उतरवलं. तारीख आणि वेळ घालून.

संध्याकाळी आईला मोठा व्हिडिओ दाखवला. मुलांबरोबर मीही प्रत ठेवली होती. तिने स्वतःला इतकं कधी पाहिलं नव्हतं. मूठभर मासे पडले तिथे तिने नजर बाजूला घेतली. कौतुक केलं नाही, रडली नाही. म्हणाली, “आता बापाशीक खाणीवरसून काढतले.”

खाण संस्थेच्या अध्यक्षांची. तिसऱ्या दिवशी बाबांना काढलं. कारण सांगितलं नाही. सही मिळाली नाही, वर्ष बहुतेक अडकेल. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, थोडं जुळवून घ्यायला हवं होतंस, अशाने पुढच्या मुलींना शाळा मिळत नाहीत. वाडीतल्या दोन बायका म्हणाल्या, आता आम्हालाही दोराला हात लावू देत नाहीत, रापणीवर मिळत होतं तेवढंही तू घालवलंस. त्या खोटं बोलत नाहीत.

मी पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेले. आई आली नाही. साहेबांनी दोन्ही व्हिडिओ पाहिले. त्यांनी सुचवलं, फक्त व्हिडिओचं लिही, बदनामीचं, ते पटकन मिटेल. वाळूचं आणि हाताचं कशाला, त्याने गाव पेटतो. आणि हो, त्या शाळकरी मुलीचा प्रश्न तर काढूनच टाक.

मी तो काढला नाही. मुलीचं नाव घातलं नाही, प्रश्न तिने विचारला तसाच, मालवणीत, अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहिला. खाली माझं पूर्ण नाव. आईचं नाव, तिची मुलगी म्हणून. साहेबांनी अर्ज दोनदा परत केला. मी दोनदा पुन्हा दिला.

मला मिटवायचं नाही. रापणवाल्यांनी, मुख्याध्यापकांनी, त्या पुतण्याने, ज्याला ज्याला माहीत होतं त्या प्रत्येकाने त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून सही करावी. तोपर्यंत अर्ज मागे घेणार नाही. वर्ष गेलं तरी. ही शाळा मला बंद झाली तर दुसरीच्या दारात उभी राहीन, आणि पहिल्या तासाला फळ्यावर तोच प्रश्न लिहीन.