कानाला लावलेली जुडी

घाटंजीच्या आठवडी बाजारात याडी भाजीची प्रत्येक जुडी विकण्याआधी कानाला लावायची. डोळे मिटून, श्वास रोखून. मग जुडी एक तर गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडायची, नाही तर मागच्या टोपलीत. मागच्या टोपलीतली भाजी ती शेळीलाही घालत नसे. घरी नेऊन खड्ड्यात पुरायची. याडी म्हणजे आई. हा बंजारा तांड्यावरचा शब्द, पण तिला सगळा बाजार याच नावाने हाक मारी.

मी शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पालेभाज्यांवरचे जंतू वाढवतो. धंदाच तसा! रासायनिक शेतातला पालक, सेंद्रिय शेतातली मेथी, दोन्हींची पानं धुवायची, ते पाणी काचेच्या तबकडीत पसरायचं आणि कोणत्या शेतीत किती घाण निघते ते बघायचं. याडी पाच-सहा शेतांतून भाजी आणायची, म्हणून मी तिचं पक्कं गिऱ्हाईक.

"याडी, फोन आला का?" मी विचारायचो.

"हासू नको बापू. अंदर लय गर्दी हाय."

एकदा गंमत म्हणून मी मागच्या टोपलीतल्याही जुड्या मागितल्या. तिने आधी माझ्याकडून शपथ घेतली, "खाजो नको." दोन दिवसांनी तबकड्या उघडल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. तिने पास केलेल्या जुड्यांच्या तबकड्यांवर तुरळक ठिपके. नापास केलेल्यांवर नुसती जत्रा! आणि त्यांत रासायनिकही होत्या, सेंद्रियही. रासायनिक विरुद्ध सेंद्रिय असा माझा सुंदर तक्ता पार कोलमडला.

"खताच्या नावाले काय पायतं?" याडी म्हणाली. "शेन कच्चं होतं का मुरलेलं, थे इचार. पानी हिरीचं का नाल्याचं, थे इचार. अन् बजारात जुडी ताजी दिसावी म्हनून कोनतं पानी शिपडलं, थेबी."

"हे तुला कानात कोण सांगतं?"

तिने हातातल्या मेथीची दोन पिवळी पानं खुडली. "कमली सांगते."

कमली तिची मुलगी, सहा वर्षांची. एका उन्हाळ्यात विहीर आटली, याडीने वाफ्याला नाल्याचं पाणी दिलं आणि त्याच मेथीचा घोळणा, कच्चाच, पोरीला भाकरीसोबत वाढला. पोर तीन दिवसांत गेली. "तवापासून पानात बोलते. 'याडी, हे नको देऊ.' मंग म्या देत नाई. चांगलं असन त 'दे' म्हनते."

मागच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा याडी जुडीमागून जुडी कानाला लावत होती. एकही पिशवीत पडत नव्हती.

"काय झालं?"

"काईच आयकू येत नाई, बापू. थिनं बोलनं सोडलं." तिने तीच जुडी दुसऱ्या कानाला लावली. "आता मले कसं समजन? कोनाच्या लेकराले काय देऊन राह्यली?"

समोर गिऱ्हाइकं उभी असताना तिने सगळी भाजी मागच्या टोपलीत टाकली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. त्यानंतर ती बाजारात दिसली नाही. महिन्याभराने तांड्यावरून निरोप आला की याडी गेली.

त्या दिवशी घाईत तिच्या टोपलीतून एक मेथीची जुडी खाली पडली होती. ती मी तपासली होती. तबकडीवर काही उगवलं नाही. एक ठिपका नाही. उघड्या शेतातल्या पानावर असं होत नाही, म्हणून मी तीनदा केलं. तिन्ही तबकड्या आरशासारख्या कोऱ्या.

निरोप आला त्या दुपारी मी त्या तबकड्यांतली एक बाहेर काढली आणि कानाला लावली. दारात आमचा म्हातारा शिपाई उभा होता.

"सर, कोनाचा फोन?"

मी त्याला गप्प राहायची खूण केली.