नसलेल्या गावाचे सरपंच

अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये सरपंच रोज सकाळी चहाच्या आधी फोनवर कुणाशी तरी भांडत. आवाज ग्राइंडरच्या वर. भांडण कशावरून, तर अमक्याच्या गोठ्याची भिंत कुठे होती आणि तमक्याची विहीर पायवाटेच्या डावीकडे की उजवीकडे. ज्या गावातली ही भिंत आणि ही विहीर, ते गाव जमीनदोस्त होऊन वर्ष उलटलं होतं.

सरपंच मराठी नव्हेत. दक्षिण लेबनॉनमधल्या, सीमेला खेटून असलेल्या एका खेड्यातले. हुद्दा ड्राफ्ट्समन. 'हमारे गाँव में' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे, म्हणून आमच्या सातारा-रत्नागिरीच्या पोरांनी त्यांना बिनविरोध सरपंच करून टाकलं. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते खूश झाले आणि लगेच म्हणाले, "हमारे गाँव का असली सरपंच तो चोर था."

गावाची हकीकत ते फार थोडक्यात सांगत. सीमेपलीकडून सैन्य आलं, गाव खाली करा म्हणालं. बायकामुलं गेली. तीसेक पुरुष ऑलिव्हच्या तेलाच्या घाण्यात ठाण मांडून बसले आणि अकरा दिवस त्यांनी सैन्याला आत येऊ दिलं नाही. मग वरून विमानं आली आणि मागून बुलडोझर. त्या तिसांत सरपंचांचा थोरला भाऊ होता. त्या अकरा दिवसांत सरपंच स्वतः मुसफ्फ्यात ड्रॉइंगवर पाइपांच्या फ्लँजची भोकं मोजत होते. हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि आम्ही कधी काढलं नाही. मी मात्र एकदा शहाणपणा करून विचारलंच, "शेवटी मिळालं काय?" मला ते मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, म्हणत. म्हणाले, "उनको गाँव चाहिए था, मुहंदिस. पत्थर मिला." आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

गणपतीत मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आमची पुण्या-मुंबईची मंडळी अशा वेळी किती हळवी होतात! एकाने मोदक मोडता मोडता विचारलं, "घराचा इन्शुरन्स होता का हो?" दुसऱ्याने तिथला जागेचा भाव विचारला, दिरहममध्ये, आणि मनातल्या मनात रुपये करून मान हलवली. माझी मुलगी म्हणाली, "अंकल, व्हाय डिडन्ट दे जस्ट शिफ्ट?" तिच्या सात वर्षांच्या आयुष्यात आम्ही चार फ्लॅट बदलले होते, तेव्हा प्रश्न रास्तच होता. सरपंचांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "बेटी, ट्रक में सोफा जाता. कुआँ नहीं जाता." मग त्यांनी तिसरा मोदक घेतला आणि तूप कमी आहे म्हणून सांगितलं.

आता त्या सकाळच्या भांडणांबद्दल. आमच्या धंद्यात काम उभं राहिल्यावर, ते कागदावर ठरलं तसं नव्हे तर प्रत्यक्षात जसं झालं तसं, पुन्हा काढतात. त्याला ॲज-बिल्ट म्हणतात. त्यावर मालकाची सही लागते. सही नसेल तर ते काम झालंच नाही असं धरतात. सरपंचांनी आपल्या गावाचा ॲज-बिल्ट काढायला घेतला होता. बासष्ट घरं, विहिरी, गोठे, झाडंसुद्धा. गावची दप्तरं जळाली होती, तेव्हा परत जायची वेळ आली तर दाखवायला हा एकच कागद. जगभर पांगलेल्या घरमालकांकडून त्यांनी एकसष्ट सह्या मिळवल्या. बासष्टावा अडून बसला.

तो अबू नासर. गावात सरपंचांचा भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी, आता शारजाला टायरचं दुकान चालवणारा. त्याचं म्हणणं, दोन अंगणांमधली भिंत सरपंचांच्या बापाने हातभर त्याच्या जागेत सरकवली होती. कागदावर ही रेघ जेमतेम अर्धा सेंटिमीटर इकडची तिकडे. आमचा रत्नागिरीचा फिटर दर सुट्टीत गावी उतरल्या उतरल्या आधी बांध कुणी कोरला का ते बघून मग आईला भेटतो. तोसुद्धा म्हणाला, "सरपंच, गाँव ही नहीं रहा, हातभर छोड दो ना."

"गाँव नहीं रहा, इसी लिए नहीं छोडेगा," सरपंच गरजले.

पण कंपनीने त्यांना वयाचं कारण दाखवून निरोप दिला. व्हिसा संपणार, आठवड्यात मुलीकडे कॅनडाला जायचं. तिथून शारजाला येऊन सही घेणं काही त्यांच्या नशिबात नव्हतं. एका शुक्रवारी ते गुंडाळी काखेत मारून माझ्या गाडीत येऊन बसले. "यल्ला, शारजा."

टायरच्या दुकानात दोन म्हातारे तासभर एकमेकांवर ओरडले. मला अरबी बेताचीच येते, पण एकमेकांचे बाप निघाले होते एवढं कळलं. उरलेलं सरपंचांनी नंतर गाडीत सांगितलं. अखेर सरपंच थकले. खिशातून पेन्सिल आणि रबर काढला, भिंतीची रेघ खोडली आणि हातभर आपल्या अंगणात ओढून घेतली.

अबू नासर चष्मा लावून वाकला. नवी रेघ एका छोट्या गोलाला मधोमध कापत होती.

"हे काय?"

"आईची रोटीची भट्टी," सरपंच म्हणाले.

अबू नासरने त्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तुझी आई पहिली रोटी भिंतीवरून मला द्यायची. भट्टी कापतोस? लाज नाही वाटत?" त्याने सरपंचांच्या हातातला रबर हिसकावला, नवी रेघ स्वतः पुसली, जुनी जिथे होती तिथे गिरवली आणि खाली सही केली. सहीशेजारी बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलं.

ते सरपंचांनी गाडीत बसल्यावर वाचलं. 'भिंत माझ्याच जागेत आहे.'

शारजापासून अबुधाबीपर्यंत ते त्या एका ओळीला शिव्या देत होते. इतक्या सुखात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.