पडेगावचा दुपारचा टँकर

घाट चढून गाडी देशावर आली तशी खिडकीबाहेरची हिरवळ मागे राहिली. संभाजीनगर जवळ येऊ लागलं तेव्हा काळी ढेकळं, कोरडे ओढे आणि मधूनच नव्या वसाहतींचे रंगीत फलक, एवढंच दिसत होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलेला, तरी शहर आपलं वाढतच होतं.

स्टँडवर माधवी घ्यायला आली होती. माझी वैद्यकीय कॉलेजातली मैत्रीण. ऊन आणि पाणीटंचाईला तोंड द्यायला शहराचा हवामान आराखडा करणाऱ्या समितीत ती एकटीच डॉक्टर. "दोघी असलो तर ऐकतील तरी," म्हणून तिने मला कोकणातून बोलावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखटमिठाची भाकरी) आणि घट्ट दही खाऊ घातलं आणि आम्ही पडेगावला गेलो. दौलताबादचा किल्ला धुळकट उन्हात पुसट दिसत होता. एका वस्तीत बायका घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होत्या. सावली कुठेच नव्हती. रांगेत एक पोटुशी मुलगी उभी होती.

"सून हाय माझी, संगीता," शेजारची म्हातारी म्हणाली. तिचं नाव कौसल्याबाई. "आठवा सरत आलाय. म्या म्हनलं घरी बस, तर ऐकत नाय."

"तुमचे गुडघे चालतात का, आत्याबाई?" संगीता हसली.

ऐन दुपारी टँकर आला. रांग हलली आणि संगीता एकदम खाली बसली, मग आडवीच झाली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं. "पाणी!" मी ओरडले.

पहिली घागर रांगेत सगळ्यांत पुढे असलेल्या शहनाजभाभींची भरली होती. "अरे डालो, देखते क्या!" म्हणत त्यांनी ती तिथंच संगीताच्या अंगावर रिकामी केली. मागून दुसरी आली, तिसरी आली. त्याच पाण्यासाठी त्या सकाळपासून उन्हात ताटकळल्या होत्या. कुणी पदराने वारा घालत होतं. कौसल्याबाई सुनेचे तळवे चोळत पुटपुटत होत्या, "डोळं उघड गं माझे बाय."

तिने डोळे उघडले. घोट घोट पाणी पाजून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके नीट ऐकू आले तेव्हा माधवीने माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. आराखड्यात झाडं होती, तळी होती, टँकरही होते. माधवीने कालची हकीकत सांगितली आणि टँकर सकाळीच पाठवा म्हणाली. समितीचे मुख्य अधिकारी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तो आरोग्य खात्याचा विषय. इथं आपण हवामानाचं बघतोय."

"साहेब, टँकर तुमचा, ऊन आभाळाचं आणि बाई आमची, अशी वाटणी कशी करायची?" माधवीने विचारलं.

ते म्हणाले, "टँकर भरायलाच रांग लागते. सगळीकडे सकाळी पाणी कुठून पोचवू?"

"सगळीकडे नको," मी म्हणाले. "जिथं गरोदर बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं जास्त आहेत, तिथं आधी. आणि रांगेवर एखादं छप्पर."

"ती मुलगी आता कशी आहे?" त्यांनी विचारलं, आणि टँकरचं वेळापत्रक मागवून घेतलं.

परतायच्या दिवशी गेले तर पडेगावचा टँकर ऊन चढायच्या आत येऊन गेला होता. छप्पर अजून झालं नव्हतं. संगीता दारात पाय पसरून बसली होती. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघा, लाथा मारतंय."

"लई खोडील निघनार," कौसल्याबाई कौतुकाने म्हणाल्या.

घाट उतरताना हवा दमट झाली आणि आपला डोंगर दिसू लागला. नदीकाठच्या आपल्या गावाचाही पुराचा आराखडा आहे. त्यात होड्या आहेत, दोरखंड आहेत, भोंगा आहे. गावातली डॉक्टर म्हणून मीच तो वाचून त्यावर सही केली आहे. पण पाणी चढू लागलं तर दिवस भरलेल्या बाईला कोण उचलणार, कुठे नेणार, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. सोमवारी तहसीलदारांना भेटायला जाणार आहे. गावकरी मंडळी, सोबत याल का कुणी?