मोगऱ्याचा धूर

मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला की मला सक्करदऱ्यातलं ते तळघर आठवतं. जुना पेट्रोलपंप पाडून तिथे इमारत बांधली होती; वर मालक राहायचा आणि तळघरात चौकीदारीण तान्हं लेकरू घेऊन राहायची. तिचं डोकं रोज दुखायचं. मालकाच्या मते ती कामचुकार होती. मातीत मुरलेल्या पेट्रोलची वाफ खोलीत शिरते का, ते मोजायला मी गेलो. बंद खोलीतलीच मोजणी खरी, म्हणून आदल्या दिवसापासून खिडक्या लावून ठेवा, असं मी मालकाला लिहून दिलं होतं. त्या शहाण्याने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्या पेटवल्या. "कुठं आहे गा पेट्रोल? मले तर मोगराच येऊन राहिला. कॉलेजात हेच शिकवते का तुमाले?" आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, असल्यांच्या तोंडी लागायला नव्हतो गेलो. मी ड्रिलने फरशीला भोक पाडलं, नळी घातली आणि खालची हवा खेचली. यंत्रावरचा आकडा चढतच गेला. भोकातून भपका आला तसा मालक नाकाला रुमाल लावून जिन्याकडे पळाला. चौकीदारीण तिथेच उभी राहिली. "मंग माहं डोकं खरंच दुखत होतं ना, भाऊ?" एवढं विचारून तिने लेकराची गोधडी गुंडाळली आणि मालकाच्या मागोमाग वर जाऊन त्याच्याच दिवाणखान्यात अंथरली. आजही कुणाकडे फार उदबत्त्या दिसल्या, की मी आधी फरशी पाहतो.