सात लाल वर्तुळं

बारावीतल्या वैशालीच्या निबंधात एका कादंबरीचं नाव सात वेळा आलं होतं. दर वेळी तिनं ते नव्या ओळीवर घेऊन खाली पट्टीनं रेघ मारली होती. मी सातही ठिकाणी लाल वर्तुळ केलं, समासात 'नाव अवतरणचिन्हांत हवं' असं लिहिलं आणि दोन गुण कापले.

ती वही घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. "सर, चुकलंच माझं. पण नाव ओळीच्या कडेला तुटायला लागलं की बरं नाही वाटायचं." मग जरा घुटमळून म्हणाली, "कादंबरीच्या शेवटी आई मुलाला दार उघडते, ते तिनं त्याला माफ केलं म्हणून ना? का नुसती दमलेली असते?"

ती कादंबरी मी वाचलेलीच नव्हती.

"दोन्ही बरोबर," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, वही मिटली आणि गेली.

पाहुण्याच्या चपला दारात नीट लावाव्यात आणि त्याला आत या म्हणूच नये, तसं मी पुस्तकांशी वागत आलोय. तेच मुलांना शिकवतोय.

आज ग्रंथालयातून ते पुस्तक काढलं. आतल्या कार्डावर एकच सही होती, वैशालीची. तिच्याखाली माझी सही करताना ग्रंथपालाकडे मला मान वर करून बघवेना.