मातीची शांताताई

रविवारची सकाळ होती. आमच्या बेटावरच्या लालमती गावात, आमच्या घरासमोर पाववाल्याने सायकल थांबवली आणि व्हरांड्यात बसलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला, शांताताईला, हात करून आमच्याकडच्या फ्रेंच वळणाच्या क्रिओलमध्ये रामराम घातला... "बोंझूर मामझेल, इंग्लंडहून कधी आलीस?" ताई काही बोलेना, तेव्हा बिचारा खट्टू होऊन निघून गेला.

बोलणार कशी? ताई तिकडे इंग्लंडात नर्सिंग शिकत होती. खुर्चीत बसली होती ती बाबांनी केलेली मातीची ताई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट... मी शाळेत होते. बाबा गवंडीकाम करायचे आणि दर वर्षी गावाचा गणपती त्यांच्याच हातचा. ताई गेल्यापासून आईचं जेवणावरचं मन उडालं होतं. लेक परत आणता येत नाही तर निदान समोर बसवू, असा बाबांचा साधा विचार.

आणि काय केली होती म्हणून सांगू... दाराच्या चौकटीवर ताईच्या उंचीची खूण होती, मापं सगळी त्यावरून. आईने जपलेल्या गुंतवळाचे केस, मनगटावर तव्याचा चटका, दंडावर देवीची लस टोचल्याची खूण, अंगात तिचाच फिकट निळा फ्रॉक. तिन्हीसांजेला तिच्या शेजारून जायची माझी तर छाती व्हायची नाही.

आईने तिला पाहिलं मात्र... "अवो, जित्या मानसाची मूर्त करत्यात काय?" पुतळा गेलेल्या माणसाचा असतो, हे तिच्या डोक्यात पक्कं. त्यात ताईचं पत्र येऊन बरेच दिवस झालेले, घरात फोन नाही... आता पोरीला काहीतरी होणार, या धास्तीने तिने ताट बाजूला सारलं ते सारलंच.

बाबांनी थोडे दिवस कळ काढली. मग वैतागून हातोडा उचलला, नको तर नको म्हणाले. तर आई मध्ये आडवी. "माझ्या लेकीवर हातोडा उगारता?"

झाली पंचाईत. ठेवावी तर अपशकुन, मोडावी तर त्याहून मोठा. गणपतीसारखं विसर्जन करू, असं म्हणायची तर कुणाची बिशाद नव्हती... आई दिवसेंदिवस वाळत चालली आणि बाबा पायरीवर डोकं धरून बसायचे.

एका सकाळी आईनेच चूल पेटवली आणि हंडाभर पाणी तापवलं. फ्रॉक काढ तिचा, मला म्हणाली, न्हाऊ घालते. बाबांनी आणि मी ती खुर्चीसकट अंगणात नेली.

आई तांब्या तांब्याने पाणी घालत राहिली. गालाचा रंग ओघळला, नाक विरघळलं, माती मऊ होऊन तिच्या हातात येत गेली, आतलं उसाचं पाचट दिसायला लागलं... आईचं आपलं चालूच, डोळे मीट गं, साबण जाईल. बाबा तोंड फिरवून उभे होते. मला तर रडूच फुटलं.

मातीचा ओला गोळा आईने बाबांपुढे ठेवला. "मोडली न्हाय मी तिला. आता ल्हान करा."

त्याच मातीची बाबांनी पुन्हा ताई केली. चेहरा विशीतल्या ताईचाच, चटका होता, लशीची खूण होती, केस तेच... फक्त सगळं मिळून तान्ह्या बाळाएवढं. एवढीशी म्हणजे बाहुलीच की, आणि बाहुलीला कसला आलाय अपशकुन. आईने तिला मांडीवर घेतलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि त्या दुपारी पोटभर जेवली.

तीन-चार वर्षांनी खरी ताई सुटीवर आली. आई दारातच थबकली, तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली... "केवढी झालीस गं." ताईला हसू आवरेना, कारण ती होती तेवढीच होती.

बाबांनी इंचाइंचाने मोजलेली ताई आईला कधी नकोच होती, मांडीवर मावेल एवढी हवी होती. हे कळल्यावर बाबांनी हूं की चूं न करता दुसरी घडवली... माझ्या बाबांचं मला आज सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते त्याचंच.